दग्धव्रणांवरील जंतुनाशक मलमे आणि वेदनेचा प्रश्न

१. विषयप्रवेश

भाजलेल्या जखमेवर लावावयाच्या औषधाची परीक्षा सामान्यतः दोन कसोट्यांवर केली जाते. ते जंतूंची वाढ कितपत रोखते, ही पहिली कसोटी. आणि नव्या त्वचेच्या वाढीस ते कितपत अनुकूल ठरते, ही दुसरी. ते औषध रुग्णास कितपत सोसवते, ही तिसरी कसोटी पाठ्यपुस्तकांत बहुधा एखाद्या वाक्यात आटोपली जाते. ‘लावताना वेदना होतात’ किंवा ‘लावताना वेदना होत नाहीत’ एवढीच नोंद करून लेखक पुढील विषयाकडे वळतो. प्रस्तुत लेखाचा उद्देश या एका वाक्याची फोड करून दाखविणे हा आहे. वेदना कोठून उत्पन्न होते, औषधाच्या कोणत्या गुणधर्माशी तिचा संबंध आहे, तिचे मापन कोणत्या क्षणी करावयाचे, आणि एका औषधाची दुसऱ्याशी तुलना करताना कोणता हिशेब धरावयाचा, या प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ रुग्णाच्या सुखसोयीचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दर वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. यांतील पुष्कळांना कित्येक आठवडे दररोज पट्टी बदलून घ्यावी लागते. जे औषध सोसवत नाही ते नियमाने लावले जात नाही. लावले तर पातळ थर लावला जातो, जखम धुताना हात आखडता घेतला जातो, आणि घरी गेलेला रुग्ण पुढच्या पट्टीला परत येत नाही. अशा प्रकारे प्रयोगशाळेत प्रभावी ठरलेले औषध प्रत्यक्ष जखमेवर निष्प्रभ होऊ शकते. वेदनेची कसोटी ही म्हणूनच परिणामकारकतेच्या कसोटीचाच एक भाग मानली पाहिजे.

२. भाजलेल्या त्वचेतील वेदनेचे स्थान

दाहाची खोली आणि वेदना यांचा संबंध प्राचीनांच्याही ध्यानात आला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निदग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार वर्णिले असून, फोड येणे, तीव्र आग होणे आणि वेदना दीर्घकाळ टिकणे ही लक्षणे त्यांपैकी दुर्दग्धाच्या वर्णनात येतात. आधुनिक शरीरविज्ञानाच्या भाषेत या निरीक्षणाचा अर्थ लावणे आज शक्य झाले आहे.

त्वचेच्या बाह्यस्तरात आणि त्याखालील अंतस्त्वचेत वेदनाग्राहक मज्जातंतूंची सूक्ष्म टोके पसरलेली असतात. उष्णता सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेली म्हणजे या टोकांवरील ‘टीआरपीव्ही-१’ हे प्रथिन उद्दीपित होते आणि वेदनेचा संदेश निघतो. या प्रथिनाचा शोध डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ साली लागला व त्या कार्याबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भाजल्यानंतर ऊतकांतून ब्रॅडिकिनिन, प्रोस्टाग्लँडिन, हिस्टॅमिन इत्यादी द्रव्ये बाहेर पडतात. स्थानिक अम्लताही वाढते. या सर्वांच्या परिणामाने वेदनाग्राहकांचा उंबरठा खाली येतो. निरोगी त्वचेवर ज्याची जाणीवही होणार नाही असा वाऱ्याचा झोत किंवा कोमट पाण्याची धार अशा जखमेवर असह्य वाटते. मेरुरज्जूतील मज्जापेशीही वारंवार येणाऱ्या संदेशांनी संवेदनशील बनतात. त्यामुळे जखमेच्या भोवतालची न भाजलेली त्वचादेखील हळवी होते.

जखम जेव्हा अंतस्त्वचेच्या वरच्या थरापर्यंतच गेलेली असते तेव्हा मज्जातंतूंची टोके उघडी पडतात, परंतु जिवंत राहतात. वेदना येथे सर्वांत तीव्र असते. जखम अंतस्त्वचेच्या पूर्ण जाडीतून आरपार गेली असेल तर ही टोकेच नष्ट होतात आणि त्या भागाला टाचणीची टोचदेखील कळत नाही. मात्र कोणतीही जखम सर्वत्र सारख्या खोलीची नसते. बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन यांनी १९५३ साली दग्धव्रणाची तीन वर्तुळांत विभागणी करून दाखविली: मध्यभागी मृत ऊतकांचे, त्याभोवती रक्ताभिसरण मंदावलेल्या ऊतकांचे आणि सर्वांत बाहेर रक्ताधिक्याने लाल झालेल्या ऊतकांचे. मध्यभाग बधिर असला तरी कडा जिवंत असतात. म्हणून ‘खोल जखम दुखत नाही’ हे विधान जखमेच्या एका भागापुरते खरे आणि रुग्णाच्या बाबतीत बहुधा खोटे असते.

औषधाच्या दृष्टीने यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एकच मलम एकाच रुग्णाच्या छातीवर झोंबेल आणि हातावर कळणारही नाही. जखमेची खोली न नोंदविता केलेले ‘हे मलम वेदनादायक आहे’ हे विधान शास्त्रीय दृष्ट्या अपुरे होय.

३. टॅनिक अम्लाचा धडा

वेदनाशमन ही एकमेव कसोटी मानली तर काय घडते, याचे उदाहरण इतिहासात आहे. डेट्रॉइट येथील एडवर्ड डेव्हिडसन यांनी १९२५ साली टॅनिक अम्लाच्या द्रावाने जखम ‘कमावण्याची’ पद्धत मांडली. कातडे कमावताना जशी प्रथिने गोठून टणक होतात तसा जखमेवर तपकिरी टणक थर तयार होई. त्याखाली मज्जातंतूंची टोके झाकली जात, स्राव कमी होई आणि रुग्णाला आराम पडे. ही पद्धत जगभर पसरली. परंतु त्या थराखाली जंतूंची वाढ दडून राही. तसेच शोषल्या गेलेल्या टॅनिक अम्लाने यकृताला इजा होते असे आढळले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या पद्धतीचा त्याग करण्यात आला.

यावरून वेदनाशमन गौण ठरते असे मुळीच नाही. वेदना न होणे आणि अपाय न होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा यातील बोध आहे. पुढील तीन औषधांच्या तुलनेत हाच मुद्दा निरनिराळ्या रूपांनी पुन्हा समोर येईल.

४. तीन औषधे

१९६० ते १९७० या दशकात दग्धव्रणांच्या उपचारात जे परिवर्तन झाले ते मुख्यतः तीन औषधांमुळे झाले.

पहिले मॅफेनाइड. हे सल्फा वर्गातील द्रव्य दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या वैद्यकीय विभागात ‘मार्फानिल’ या नावाने युद्धजखमांवर वापरले गेले होते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात फोर्ट सॅम ह्यूस्टन येथे असलेल्या सैनिकी शल्यसंशोधन केंद्रात लिंडबर्ग, मॉन्क्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मलम तयार करून १९६५ साली दग्धव्रणांतील जंतुसंसर्ग रोखण्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्यूडोमोनास या जंतूने त्या काळी भाजलेल्यांच्या कक्षांत थैमान घातले होते. त्यास आवर घालणारे हे पहिले प्रभावी मलम होय. पू किंवा जखमेतील स्राव यांनी त्याची शक्ती क्षीण होत नाही, आणि करपलेल्या त्वचेच्या जाड कवचातून ते आरपार झिरपते. कानाच्या कूर्चेपर्यंतही ते पोचते, म्हणून भाजलेल्या कानासाठी त्याला आजही विशेष मान आहे. परंतु अंशतः खोल जखमेवर ते लावताच तीव्र आग होते.

दुसरे रजत-नत्रायित, अर्थात सिल्व्हर नायट्रेट. सेंट लुई येथील कार्ल मॉयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ सालीच त्याच्या ०.५ टक्के द्रावात भिजविलेल्या जाड पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. पूर्वी याहून तीव्र द्राव वापरले जात, पण ते जिवंत पेशींनाही मारक ठरत. ०.५ टक्के या प्रमाणात जंतूंची वाढ रोखली जाते, नव्या त्वचेला अपाय होत नाही आणि झोंबतही नाही. मात्र पट्ट्या सतत ओल्या ठेवाव्या लागतात, द्राव कवचाखाली उतरत नाही आणि अंथरूण, जमीन, परिचारिकांचे हात असे सर्वच काळे पडते.

तिसरे सिल्व्हर सल्फाडायझिन. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स फॉक्स यांनी रजत-नत्रायित आणि सोडियम सल्फाडायझिन यांच्या संयोगातून ते तयार केले व १९६८ साली प्रसिद्ध केले. त्याचे १ टक्का पांढरे मलम जखमेवर लावले असता झोंबत नाही. उलट गारवा वाटतो. थोड्याच वर्षांत ते जगभर प्रमाणभूत औषध बनले. आपल्याकडील जिल्हा रुग्णालयांपासून गल्लीतील औषधाच्या दुकानापर्यंत सर्वत्र भाजल्यावर लावावयाचे मलम म्हटले की आजही बहुधा तेच पुढे येते.

५. झोंबण्याचे कारण काय?

मॅफेनाइड झोंबते आणि सिल्व्हर सल्फाडायझिन झोंबत नाही, याचे एक स्पष्टीकरण परासरणाच्या, अर्थात तर्षणाच्या, नियमावर आधारलेले आहे. विद्यार्थ्यांनी यासाठी एक साधा हिशेब स्वतः करून पाहावा.

शरीरातील द्रवांचे तर्षणमूल्य दर लिटरला सुमारे २९० मिलिऑस्मोल असते. मॅफेनाइडच्या मलमात दर ग्रॅममागे मूळ द्रव्य ८५ मिलिग्रॅम असते. अ‍ॅसिटेट क्षाराच्या रूपात हे सुमारे ११२ मिलिग्रॅम होते. या क्षाराचा रेणुभार सुमारे २४६ आहे. म्हणजे एक किलोग्रॅम मलमात ०.४५ मोल क्षार आला. त्याचे दोन आयन होतात हे लक्षात घेता, मलमाचे सर्व वजन पाण्याचेच आहे असे धरले तरी मूल्य ९०० मिलिऑस्मोलच्या पुढे जाते. प्रत्यक्षात मलमाचा बराच भाग स्निग्ध द्रव्यांचा असतो. क्षार केवळ पाण्याच्या अंशात विरघळलेला असल्यामुळे खरे मूल्य याहूनही पुष्कळ अधिक असते. असे मलम उघड्या मज्जातंतूंवर पसरले म्हणजे ऊतकांतील पाणी बाहेर खेचले जाते. मिठाचा खडा उघड्या जखमेवर का झोंबतो, याचेही उत्तर बऱ्याच अंशी हेच आहे.

याच द्रव्याचा ५ टक्के द्राव घेतला तर दर लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.२ मोल, आणि दोन आयन धरून ४०० मिलिऑस्मोलच्या आसपास मूल्य येते. शरीरद्रवापेक्षा हे अधिकच, पण मलमाच्या मानाने पुष्कळ कमी. हा द्राव मलमापेक्षा अधिक सोसवतो हा अनुभव या हिशेबाशी जुळणारा आहे. त्वचारोपणानंतर पट्ट्या ओल्या ठेवण्यासाठी अशा द्रावाला अमेरिकेत १९९८ साली मंजुरी मिळाली होती.

रजत-नत्रायिताच्या ०.५ टक्के द्रावात दर लिटरला ५ ग्रॅम क्षार असतो. रेणुभार १७० धरला तर हे २९ मिलिमोल, म्हणजे जेमतेम ६० मिलिऑस्मोल झाले. येथे पाण्याचा ओघ उलट, जखमेच्या दिशेने असतो. द्राव झोंबत नाही. पण जखमेतून सोडियम व क्लोराइड त्या पातळ द्रावात उतरतात आणि क्लोराइड तर रजताशी संयोग पावून अविद्राव्य साका बनते. लहान मुलांत आणि विस्तीर्ण जखमांत यामुळे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. वेदनारहित औषधाने घेतलेली किंमत ही अशी न दिसणारी असते.

सिल्व्हर सल्फाडायझिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून औषधद्रव्याचा तर्षणावरील परिणाम नगण्य राहतो. तथापि याच अविद्राव्यतेमुळे ते कवचाखाली फारसे उतरू शकत नाही. येथे या विषयाचे मर्म आहे. द्रव्याची विद्राव्यता आणि विसरणशीलता त्याला जाड कवचाखालील जंतूंपर्यंत पोचविते. तीच त्याला उघड्या मज्जातंतूंपर्यंतही पोचविते. ‘खोल उतरणारे पण मुळीच न झोंबणारे’ औषध शोधणाऱ्या संशोधकापुढे हा अडसर उभा आहे. अनेक उपचारकेंद्रांत सकाळी मॅफेनाइड आणि रात्री सिल्व्हर सल्फाडायझिन असा क्रम ठेवला गेला, तो याच अडसरातून काढलेला व्यवहार्य मार्ग होय. पूर्ण खोल जखमेवर, जेथे कवच जाड आणि मज्जातंतू नष्ट झालेले असतात तेथे, मॅफेनाइडची गरज सर्वाधिक आणि त्याची वेदना सर्वांत कमी असते, ही वस्तुस्थितीही या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तथापि तर्षणाचे स्पष्टीकरण एकटे पुरेसे मानता येत नाही. मध हा शर्करेचा अतिसंपृक्त द्राव आहे. त्याचे तर्षणमूल्य मॅफेनाइडच्या मलमापेक्षा कितीतरी अधिक. असे असूनही पुष्कळ रुग्णांना तो जखमेवर सोसवतो. काहींना मात्र झोंबतो. द्रव्य किती वेगाने ऊतकांत शिरते, ते अम्लधर्मी आहे काय, जखमेतील स्रावाने ते किती लवकर पातळ होते आणि मलमाचा आधार कशाचा आहे, या गोष्टींचाही विचार करावा लागतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे पाणी शोषणारे आधारद्रव्य असेल तर औषध निरुपद्रवी असूनही मलम झोंबू शकते. म्हणून अहवालात केवळ औषधाचे नाव देणे पुरेसे नाही. त्याचे प्रमाण आणि आधारद्रव्य यांचाही उल्लेख आवश्यक आहे.

६. वेदना की अम्लवृद्धी?

मॅफेनाइडच्या बाबतीत निदानाची एक अडचण विशेष नमूद केली पाहिजे. हे द्रव्य आणि शरीरात त्यापासून बनणारे उपद्रव्य, ही दोन्ही कार्बनिक अ‍ॅनहायड्रेज या एन्झाइमाला रोखतात. परिणामी मूत्रपिंडातून बायकार्बोनेट वाया जाते, रक्तातील अम्लता वाढते आणि तिची भरपाई करण्यासाठी रुग्ण जलद श्वास घेऊ लागतो. आता वेदनेनेही श्वास जलद होतो. मलम लावल्यावर धाप लागलेल्या रुग्णाकडे पाहून ‘आग होते आहे म्हणून’ असे समजून केवळ वेदनाशामक दिले आणि त्याने श्वसन मंदावले, तर अम्लवृद्धीविरुद्ध शरीराने उभारलेला बचावच काढून घेतल्यासारखे होते. धुरामुळे फुप्फुसांना इजा झालेल्या रुग्णात हा धोका अधिक. झोंबण्याची वेदना मलम लावल्याबरोबर सुरू होऊन काही वेळाने ओसरते; अम्लवृद्धीने वाढलेला श्वास दोन पट्ट्यांच्या मधल्या काळातही तसाच राहतो. वेदनेची नोंद वेळेसह ठेवण्याचे महत्त्व यातून दिसून येईल.

७. लावतानाची वेदना आणि काढतानाची वेदना

आता सिल्व्हर सल्फाडायझिनच्या कीर्तीची दुसरी बाजू पाहू. हे मलम लावताना वेदना होत नाहीत, हे निर्विवाद आहे. परंतु जखमेतील स्रावाशी मिसळून त्याचा पिवळसर करडा थर बनतो आणि तो जखमेला चिकटून राहतो. पुढील मलम लावण्यापूर्वी हा थर धुऊन, पुसून, कधी खरवडून काढावा लागतो. आणि हे दिवसातून एकदा किंवा दोनदा. या क्रियेत नव्याने उगवणाऱ्या पेशीही निघून येतात. म्हणजे वेदना नाहीशी झालेली नसते. ती लावण्याच्या क्षणाकडून काढण्याच्या क्षणाकडे सरकलेली असते.

यासाठी एकूण वेदनेचा हिशेब मांडावा लागतो. पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ० ते १० या मापपट्टीवर ‘अ’ या मलमाची लावतानाची वेदना २ आणि काढतानाची ६ आहे. ते दिवसातून दोनदा, चौदा दिवस लावावयाचे आहे. ‘ब’ या आवरणाची लावतानाची वेदना ५ आणि काढतानाची ३ आहे. ते दर तीन दिवसांनी बदलावयाचे आहे. केवळ लावतानाच्या वेदनेची तुलना केली तर ‘अ’ श्रेष्ठ ठरते. एका वेळच्या पट्टीची तुलना केली तर दोन्ही समान, प्रत्येकी ८. पण चौदा दिवसांत ‘अ’ अठ्ठावीस वेळा आणि ‘ब’ पाच वेळा लावावे लागते. एकूण २२४ विरुद्ध ४०. वेदना अशी सरळ बेरजेने मोजता येत नाही, हे मान्य. परंतु त्यामुळे वारंवारतेचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. कारण उद्याच्या पट्टीची धास्ती आजच्या वेदनेत भर घालते. विशेषतः लहान मुलांत, ड्रेसिंगची गाडी दिसताच सुरू होणारे रडणे हे याच धास्तीचे रूप असते.

प्रत्यक्ष पुरावाही याच दिशेने आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हारास आणि सहकाऱ्यांनी अंशतः खोल जखमा असलेल्या रुग्णांत एकाच रुग्णाच्या एका जखमेवर सूक्ष्मरजतकणांचे ‘अ‍ॅक्टिकोट’ हे आवरण व दुसऱ्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिन वापरले. वेदनेची सरासरी अनुक्रमे ३.२ आणि ७.९ आली. कारुसो आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ८४ रुग्णांत रजतयुक्त जलशोषक तंतूंच्या आवरणाची याच मलमाशी तुलना केली. त्यातही पट्टी बदलतानाची वेदना व धास्ती आवरणाच्या गटात कमी आढळली. कॉक्रेन संस्थेने २०१३ साली केलेल्या समीक्षेत, वरवरच्या व अंशतः खोल जखमा भरून येण्याच्या बाबतीत सिल्व्हर सल्फाडायझिन हे अनेक आवरणांच्या मानाने सातत्याने मागे पडते, असा निष्कर्ष निघाला.

या निष्कर्षांचे वाचन करताना काही मर्यादा ध्यानात ठेवणे इष्ट. आवरण आणि मलम डोळ्यांना वेगळे दिसतात. त्यामुळे रुग्ण व परीक्षक दोघांनाही कोणता उपचार चालू आहे हे कळते आणि अपेक्षेचा प्रभाव टाळता येत नाही. अभ्यासांतील रुग्णसंख्या लहान आहे. शिवाय यांतील बहुतेक जखमा फार खोल नसलेल्या, म्हणजे ज्यांत जंतुनाशकाची निकड तुलनेने कमी अशा आहेत. विस्तीर्ण व खोल, जंतुसंसर्ग झालेल्या जखमेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही. तेथे रोज जखम पाहणे हेच मुळी आवश्यक असते आणि मलमाचे स्थान अबाधित राहते.

८. महाराष्ट्रातील काही प्रयत्न

परदेशी आवरणे महाग असतात. आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांना दीर्घकाळ भेडसावणारा प्रश्न असा की, कमी खर्चात पट्टी न चिकटू देणारे आवरण कसे मिळवावे. या संदर्भात मुंबईत झालेले कार्य उल्लेखनीय आहे. डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी तयार करून तिचा प्राथमिक अहवाल १९८५ साली प्रसिद्ध केला. पुढे डॉ. माधुरी गोरे व अकोलेकर यांनी केळीच्या पानाच्या निर्जंतुक आवरणाचा अभ्यास करून २००३ साली त्याचे निष्कर्ष मांडले. बटाट्याच्या सालीच्या तुलनेत केळीचे पान गुणांत तुल्यबळ, तयार करण्यास सोपे आणि पुष्कळच स्वस्त आढळले. पानाचा पृष्ठभाग मेणचट व गुळगुळीत असल्यामुळे तो जखमेला चिकटत नाही, ओलावा टिकून राहतो आणि काढताना ओढ बसत नाही. जेवणासाठी केळीचे पान वापरणाऱ्या समाजाला हा गुण अपरिचित नाही. त्याची शास्त्रीय पडताळणी मात्र नव्याने झाली. ही आवरणे जंतुनाशक नव्हेत, हे विसरता कामा नये. स्वच्छ व उथळ जखमा हेच त्यांचे क्षेत्र.

सोलापूर येथे डॉ. सुब्रह्मण्यम यांनी दग्धव्रणांवर मधाचा उपयोग करून १०४ रुग्णांत त्याची सिल्व्हर सल्फाडायझिनशी तुलना केली व १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सात दिवसांत जखम जंतुरहित होण्याचे प्रमाण मधाच्या गटात ९१ टक्के, तर दुसऱ्या गटात ७ टक्के आढळले.

स्वस्त आणि न चिकटणाऱ्या आवरणांचे महत्त्व आपल्याकडे आणखी एका कारणाने वाढते. वेदना फार होत असेल तर मॉर्फिनसारखे प्रभावी औषध द्यावे, असे सांगणे सोपे आहे. परंतु १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट पुष्कळ सुकर झाली. पण कायदा बदलल्याने सवय लगेच बदलते असे नाही. ज्या ठिकाणी प्रभावी वेदनाशामक हाताशी नसते, तेथे जखमेवर काय लावावयाचे या निवडीवरच रुग्णाच्या वेदनेचे प्रमाण अवलंबून राहते.

९. वेदनेची भाषा आणि तिची नोंद

शेवटी संशोधनपद्धतीविषयी थोडेसे. वेदनेची तीव्रता मोजण्यासाठी ० ते १० ही अंकपट्टी आणि दहा सेंटिमीटरची रेषा सर्वत्र प्रचलित आहे. न बोलणाऱ्या बालकांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच लक्षणांवर आधारलेली ‘फ्लॅक’ मापपट्टी १९९७ पासून उपलब्ध आहे. परंतु अंक तीव्रता सांगतो, प्रकार सांगत नाही. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल प्रश्नावलीचे महत्त्व असे की, तिने वेदनेचे वर्णन करणाऱ्या शब्दांनाच मोजमापाचे साधन बनविले.

या दृष्टीने मराठी रुग्णाची बोली संशोधकाला फार उपयोगी पडण्याजोगी आहे. मलम लावताच ‘झोंबते’ असे तो म्हणतो, तेव्हा तो औषधाच्या द्रव्याकडे बोट दाखवीत असतो. ‘आग होते’ ही उघड्या मज्जातंतूंची, उपचार चालू नसतानाही राहणारी वेदना. ‘ओढ बसते’ किंवा ‘सोलल्यासारखे होते’ ही चिकटलेली पट्टी काढतानाची. ‘ठणकते’ म्हणजे आत दाब वा सूज वाढते आहे, कदाचित जंतुसंसर्ग मूळ धरतो आहे. ‘चुणचुणते’ किंवा ‘खाजते’ हे पुष्कळदा भरत आलेल्या जखमेचे शब्द. ‘दुखते का?’ एवढाच प्रश्न विचारून या सर्व भिन्न अनुभवांना एकच अंक दिला, तर कोणत्या औषधाचा कोणता दोष हे कधीच कळणार नाही. या शब्दांचा अर्थ प्रदेशागणिक थोडा पालटतो. तेव्हा त्यांची पडताळणी करून मराठीत प्रमाणित शब्दसूची तयार करणे हा पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय होऊ शकेल.

अशा अभ्यासात पुढील गोष्टींची नोंद असावी: जखमेची खोली आणि विस्तार, औषधाचे प्रमाण व आधारद्रव्य, पट्टीपूर्वी दिलेल्या वेदनाशामकाचे नाव, मात्रा आणि वेळ, पट्टी काढताना, जखम धुताना, मलम लावताना आणि त्यानंतर अर्ध्या तासाने अशी निदान चार वेळची वेदना, एकूण पट्ट्यांची संख्या, आणि जखम भरून येण्यास लागलेले दिवस. शक्य तेथे एकाच रुग्णाच्या समान खोलीच्या दोन जखमांची तुलना करावी, म्हणजे सोशिकतेतील व्यक्तिभेदांमुळे निष्कर्ष दूषित होत नाहीत. वेदनाशामकाची मात्रा न नोंदविता वेदनेची तुलना करणे म्हणजे एका पारड्यात नकळत वजन टाकून तराजू पाहण्यासारखे आहे.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. झोंबणारे औषध त्याज्य आणि न झोंबणारे ग्राह्य, अशी विभागणी टिकत नाही. जाड कवचाखाली जंतू दबा धरून बसलेले असताना मॅफेनाइडची वेदना टाळण्यासाठी वरवरच्या मलमावर विसंबणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. उलट उथळ व स्वच्छ जखमेवर केवळ सवयीने सिल्व्हर सल्फाडायझिन लावून ते दिवसातून दोनदा खरवडणे, ही ज्या वेदनेची गरज नव्हती ती रुग्णावर लादण्यासारखे आहे. जखमेची खोली, जंतुसंसर्गाची शक्यता, पट्टी बदलण्याची वारंवारता आणि उपलब्ध वेदनाशामके या चार गोष्टी एकत्र धरूनच औषधाची निवड करावी लागते.

वेदनेची नोंद ही आजवर परिचारिकेच्या वहीत राहिली. ती संशोधकाच्या तक्त्यात आली पाहिजे. तसे झाले तर कोणते औषध सोसवते या प्रश्नाचे उत्तर एखाद्या वाक्याच्या शेऱ्याने न देता, जंतूंच्या संख्येइतक्याच काटेकोरपणे देता येईल.